तिकीट खिडकीतला नान

कोरातुत स्टेशन,
१२ नोव्हेंबर १९७६, शुक्रवार

तोलकिन अका,

सलाम, थोरल्या भावा.

घास घेतलेला नान तू आईच्या हातात परत न देता तिकीट खिडकीतून आत सरकवलास, त्या क्षणी माझं सगळं बदललं. वेळसुद्धा सांगतो. सकाळची नऊ बावीसची गाडी होती आणि त्या दिवशी ती सहा मिनिटं उशिरा आली. वेळेवर आली असती तर तू आईला मिठी मारून चढला असतास, नान आईच्या शालीखाली घरी गेला असता आणि हे पत्र लिहायची वेळच आली नसती. सहा मिनिटं फुकट मिळाली की माणूस काहीतरी करून ठेवतो. तू तर नेहमीच.

पण रीत आधी. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनीच ती दिवसातून दोनदा स्टेशनवर येते. गाईला कालवड झाली. अक्रोड पाडून झाले. तुझी कुस्तीची लाल कमरपट्टी आईनं परवा धुऊन वाळत घातली, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. नोवोसिबिर्स्कहून केलेली तुझी तार बुधवारी पोचली. उद्या सकाळी तू येणार, हे आता इथल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत आहे. सलामत खोलानं, आख्ख्या स्टेशनच्या त्या मावशीनं, तिच्या दह्याच्या बादलीवर हात आपटून सगळ्या फलाटाला सांगितलं, "पैलवान येतोय! उद्या कुणी दही मागू नका, सगळं त्याच्यासाठी!" दोन वर्षं तिच्या बादल्या गाडीत चढवतोय मी. मला तिनं कधी चमचाभर दिलं नाही.

तू येशील तेव्हा मी इथे नसेन. का, ते सांगायला हे पत्र.

दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ तुला कशी आठवते ते ठाऊक नाही. मला अशी आठवते. मी ताशकंदहून, सैन्यात निघालेल्या तुला निरोप द्यायला म्हणून आलो, असं सगळ्यांना वाटलं. खरं म्हणजे मी मुहय्योशी बोलायला आलो होतो. गाडीत अकरा स्टेशनं एकच वाक्य घोकत होतो. आठवीपर्यंत मी तिच्या मागच्या बाकावर बसलोय, तेव्हा तू तिला ओळखतही नव्हतास. तिला तिकीट खिडकीवर नोकरी लागली तेव्हा पहिलं तिकीट मी काढलं, पुढच्याच स्टेशनचं, आणि तिथून चालत परत आलो. हे तुला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

तर मी वाक्य घेऊन उतरलो, आणि बघतो तर अर्धं गाव फलाटावर. आईनं नान पुढे केला, तू घास घेतलास. तो परत आईच्या हातात जायचा, आईनं तो भिंतीवर टांगायचा आणि तू परतलास की उरलेला तू खायचास. आजोबांपासून हेच चालत आलंय. तू मात्र वळलास, दोन ढांगांत खिडकीशी गेलास, नान आत सरकवलास आणि म्हणालास, "सांभाळशील?"

मग सलामत खोला ओरडली, "अगं बाई! आईचा नान खिडकीला गेला!" आणि हशा पिकला. आईनं शाल तोंडाला लावली. हसत होती की दुसरं काही, कळलं नाही. हमदम अकांनी स्टेशनमास्तरची टोपी काढून मुहय्योला मुजरा केला. तुला उत्तराची गरजच नव्हती, तू डब्याच्या पायरीवर होतास. खिडकीच्या अर्धगोल भोकातून मला तिचे दोन हात दिसत होते. एका हातात कुणाचं तरी तिकीट, दुसऱ्यात तुझा नान. तिकीट कुठल्या हातानं द्यायचं ते तिला कळत नव्हतं.

माझं वाक्य तिथंच मेलं.

आईनं तुला कळवलं की मला पुढच्याच जानेवारीत ताशकंदच्या कॉलेजातून काढलं. काढलं नाही, मी सोडलं. मास्तरांशी भांडण झालं हे खरं, पण भांडण मी उकरून काढलं होतं. ते विचारत होते, उतारावर भरलेली गाडी थांबायला किती अंतर लागतं. मी म्हणालो, "ते गाडीत कोण बसलंय त्यावर आहे." वर्ग हसला, ते चिडले, मग मी त्यांच्याहून जास्त चिडलो आणि पुस्तकं तिथंच टाकून निघालो. पायऱ्या उतरताना मनात एवढंच होतं, की कोरातुतला फाटकवाला हवाय.

सैन्यानं मला सपाट पायांचा म्हणून परत पाठवलं होतं, ते आठवतं? त्यावर तू लिहिलं होतंस, "बरं झालं, आईजवळ राहशील." मोठ्या मनानं लिहिलंस. पण तुला काय कळणार? माझ्यापुढे कुणी कधी नान धरलेला नाही. ताशकंद दीड तासावर, तेवढ्यासाठी कोण घास घेतं? जो कुठे जातच नाही, त्याच्या परतण्याची वाट कोण बघणार?

तर फाटक, झाडू आणि दिवे माझ्याकडे आले. दिव्यांची खोली आणि तिकिटांची खोली यांच्यामध्ये एक प्लायवूडची फळी आहे. त्या फळीच्या अलीकडे मी दोन वर्षं बसलो. ती चहा ओतते, केस बांधते, गुणगुणते, सगळं ऐकू येतं. आणि तिच्या डोक्यावर खिळ्याला लाल दोरीनं टांगलेला तू. माश्या बसू नयेत म्हणून पातळ फडक्यात. सकाळी आली की ती आधी त्या फडक्यावरची धूळ झटकायची, मग कुलूप काढून तिकिटं बाहेर काढायची. लोक खिडकीत वाकून आधी वर बघायचे. "काय म्हणतोय आमचा पैलवान?" ती म्हणायची, "वाळतोय!" आणि हसायची. रविवारी डोंगरात सहलीला जाणारी शहरातली पोरं विचारायची, हे काय टांगलंय? मग रांगेतलं कुणीतरी तुझी सगळी कहाणी सांगायचं, रांग थांबवून. मी बाहेर झाडत असायचो. एकदा तर सलामत खोला मलाच म्हणाली, "सपाटपाया, तिथलं जाळं काढ, तुझ्या अकाच्या नानाला लागेल." मी काढलं. तुझ्यासाठी जाळीसुद्धा मीच काढली.

आता गेल्या जूनचं सांगतो. इथून पुढे बसून वाच.

तुझं पत्र आलं, तिच्या नावानं. टपालाची थैली मीच उतरवतो, त्यामुळे तुझं अक्षर आधी मला दिसतं. थैली दिली आणि फळीच्या अलीकडे येऊन बसलो. ती वाचत होती आणि हसत होती. मोठ्यानं नाही. नाकातून, थांबून थांबून, असं. मी दारात गेलो. "काय लिहिलंय एवढं?"

"काही नाही."

"काही नाही त्याला एवढं हसू?"

"तुला लिहितो तेव्हा मी विचारते का?"

"मला हसण्यासारखं काही लिहीत नाही तो. मला लिहितो, छपराची डागडुजी कर."

"मग कर ना," ती म्हणाली आणि पत्र घडी करून पोलक्याच्या खिशात ठेवलं.

बाराची गाडी गेली की तीनपर्यंत इथे कुत्रं फिरकत नाही, तुला ठाऊक आहे. ती जेवायला घरी गेली. झाडायला म्हणून किल्ली माझ्याकडे असते. मी आत गेलो, दार लावलं, स्टुलावर चढलो आणि तुला खाली काढलं.

टाकून द्यायचा होता. आईशपथ, रुळांवर भिरकावून द्यायचा होता, तीनच्या गाडीखाली पीठ होऊ दे म्हणून. हात उचलला आणि उचललेलाच राहिला. अका, नान टाकवत नाही रे. रस्त्यात पडलेला तुकडाही आपण उचलून, कपाळाला लावून भिंतीवर ठेवतो. एवढा पेटलेला असूनही माझा हात ते करीना. परत टांगवेनाही. मग उरलं काय? मी चहा केला, तुझा नान बुडवला आणि खायला बसलो.

दीड वर्ष वाळलेला नान. वीट बरी. दोन तास लागले. जबडा दुखून आला, हिरडीतून रक्त आलं. मध्येच रडू आलं आणि रडतानाही चावणं चालूच. शेवटी फडकं झटकून चुरासुद्धा तळहातावर घेतला आणि तोंडात टाकला. मग घड्याळ बघितलं. तीनला वीस मिनिटं होती आणि खिळा रिकामा.

सायकल हाणत घरी गेलो. गुरुवार होता, आईनं तंदूर पेटवला होता. नानाच्या मध्यावर तोच तिचा ठसा, तेच टोचलेलं फूल. "एक नेतो, भूक लागलीय," म्हटलं. ती म्हणाली, "दोन ने." वाटेत एक घास घेतला. त्या घाईत फडक्यात ताजाच नान बांधून टांगला, आणि पुढचे चार दिवस मुहय्योची पाठ वळली की स्टेशनच्या पंपाच्या छपरावर वाळवून पुन्हा टांगत राहिलो.

त्यानंतर काय झालं ते लिहायला लाज वाटत नाही, याचीच लाज वाटते. मी सुखी झालो. ती सकाळी येऊन धूळ झटकायची ती माझी. लोक वाकून बघायचे ते माझ्याकडे. "काय म्हणतोय पैलवान?" म्हणून विचारायचे आणि मी बाहेर झाडूवर रेलून मनात म्हणायचो, पैलवान मजेत आहे. सबंध जुलै मी शीळ घालत फाटक उघडलं. हमदम अका म्हणाले, "पोराला ऊन लागलंय."

आणि ऑगस्टमध्ये तुझी पत्रं थांबली.

पहिले दोन आठवडे मला आनंद झाला. लिहिलं मी, आता खोडत नाही. पाचव्या आठवड्यात आई सकाळच्या गाडीला येऊन उभी राहिली. मग संध्याकाळच्याही. गाडीतून उतरणारा प्रत्येक सैनिक ती नखशिखान्त बघायची. गाडी गेली की खिडकीशी जायची आणि विचारायची, "मुहय्यो, नान आहे ना जागेवर?"

"आहे, खोला. हा बघा."

"उंदीर नाही ना लागला?"

"नाही, खोला."

"मग येईल," आई म्हणायची आणि घरी जायची. रोज. मी फाटकाच्या दांड्याला धरून उभा असायचो. तुझा नान माझ्या पोटात गेला होता, आणि तू तिकडे सैबेरियात, चिता शहराच्या बर्फात कुठे होतास, कुणाला माहीत? तुझी परतीची वाट मी चावून खाल्ली असं वाटायचं. सप्टेंबरात माझी भूक मेली. नुसता नान बघितला तरी मी जेवणावरून उठायचो. फुप्फुसाच्या दुखण्यानं तू दवाखान्यात होतास हे ऑक्टोबरात कळलं. त्या दिवशी आई रडली आणि मी बाहेर जाऊन ओकलो.

बुधवारी तार आली. हमदम अकांनी ती मोठ्यानं वाचली. आई म्हणाली, "शनिवारी गाडीतून उतरला की इथंच, सगळ्यांदेखत नान खायला देऊ. खिडकीतून दिला ना, खिडकीतूनच परत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकटा दिव्यांच्या खोलीत गेलो, कारण मला दिसत होतं, शनिवारी तू माझ्या घासाला तोंड लावणार.

तीन वाजता मी तिच्या दारात उभा राहिलो. "मुहय्यो, त्या नानाबद्दल सांगायचंय."

तिनं तिकिटांच्या गठ्ठ्यावरून मान वर केली नाही. "जूनपासून सांगायचंय तुला. बस."

"तुला माहीत आहे?"

"एलमुराद, तुझ्या अकाचा पुढचा दात तुटका आहे. त्याच्या घासाला मध्ये उंचवटा होता. तुझा घास गुळगुळीत. पहिल्याच दिवशी दिसलं."

तो दात, अका. जर्दाळू पाडताना माझाच दगड लागून तुटलेला. मार तू खाल्लास, कारण तू सांगितलं होतंस की झाडावरून पडलो म्हणून. सगळं लक्षात होतं माझ्या. ठसा, फूल, दोरीची गाठ. फक्त तुझं तोंड विसरलो होतो.

मला वाटलं, तिला माहीत असूनही तिनं टांगून ठेवला. पाच महिने. धूळ झटकली. माझी छाती अशी भरून आली की मी ते वाक्य बोललो. अकरा स्टेशनांवर घोकलेलं, दोन वर्षं शिळं झालेलं. काय होतं ते तुला लिहीत नाही.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुझ्या आईसाठी ठेवला मी. बाई रोज दोनदा येऊन विचारत होती. रिकामा खिळा दाखवू तिला?"

"माझ्यासाठी नाही?"

"तुझ्यासाठी कशाला? तू तर फळीपलीकडेच होतास." मग तिनं गठ्ठा खाली ठेवला. "दोघे भाऊ सारखेच तुम्ही. एकानं सगळ्या गावासमोर नान हातात कोंबला आणि गाडीत चढला. दुसऱ्यानं चोरून बदलला. मला कुणी विचारलं? दोन वर्षं लोक खिडकीत वाकून मला तुमच्या घरची सून म्हणतात. मी हो कधी म्हणाले?"

"मग आता म्हण. कुणाला म्हणणार, सांग."

"ज्याला म्हणायचंय तो विचारेल तेव्हा म्हणेन." आणि अका, तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. दोन वर्षं बघतोय मी तिला, असा लाल कधी झाला नव्हता. मी समोर उभा होतो आणि तो लाल माझ्यासाठी नव्हता.

मी भडकलो. तुझ्याबद्दल काय काय बोललो. तुटक्या दाताचा, कुस्तीत मेंढा जिंकला म्हणून स्वतःला सुलतान समजणारा, वगैरे. तिनं बोलू दिलं. मग स्टुलावर चढली, दोरी सोडली आणि नान माझ्या हातात दिला.

"यावर तुझा घास आहे," ती म्हणाली. "घास घेतला की माणूस निघतो. तू अजून इथं काय करतोयस?"

तेवढ्यात गाडीची घंटा झाली आणि ती खिडकीकडे वळली.

काल सकाळी मी आईला सांगितलं. तंदुराशी बसून, सगळं, जूनपासून. वाटलं, ऊर बडवेल. तिनं विचारलं, "तोलकिनचा नान कुणी खाल्ला?"

"मी."

"पुरता?"

"चुरासुद्धा."

"कुत्र्याला नाही ना घातलास? टाकला नाहीस?"

"नाही, आई."

"मग घरातल्याच पोटात गेला," ती म्हणाली आणि चिमट्यानं माझ्या पाठीत एक ठेवून दिली, अशी की वळ उठला. मग माझा नान हातात घेऊन उलटसुलट बघितला. "हा माझ्याकडे ठेव. कुठे जायचं ठरवलंस?" मी काहीच ठरवलं नव्हतं. तिनंच ठरवलं होतं. ती हमदम अकांकडे गेली. कुंग्रादच्या पलीकडे वाळवंटात एक थांबा आहे, तिथे माणूस टिकत नाही म्हणून माणूस हवाय. पाय कसले आहेत ते विचारत नाहीत. गाडी दिवसातून एक.

म्हणून उद्या तू उतरशील तेव्हा तिकीट खिडकीत नान नसेल. खिळा असेल. आईनं सगळ्यांना सांगायचं कबूल केलंय की नान धाकट्यानं खाल्ला, त्याला भूक लागली होती. लोक हसतील. हसू देत. त्या हशात तुला खिडकीशी जाऊन उभं राहावं लागेल, हातात काही नसताना, आणि नीट विचारावं लागेल. आणि या वेळी गाडी सुटत नसेल, तर उत्तर ऐकायला थांब.

ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. तुला सांगणार नाही. एक रात्र तरी तूही न कळता काढ.

तुझ्यावरचा राग गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. तू दवाखान्यातून जिवंत सुटलास म्हणून मी रडलो, तेही खरं आणि तू उद्या तिच्या खिडकीशी उभा असशील या विचारानं आत्ता हे लिहिताना माझी पेन्सिल दोनदा मोडली, तेही खरं. लग्नाला बोलावू नकोस. बोलावलंस तर येईन, आणि आलो तर भांडेन.

छपराची डागडुजी केलीय. उत्तरेकडचा एक पत्रा अजून गळतो, तेवढा बघ.

चार वीसची घंटा झाली. पलीकडे ती तिकिटं देतेय, आवाज येतोय. माझं तिकीट मी सकाळीच काढलं. "परतीचं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "एकेरी." तिनं दिलं, आणि या वेळी हात कुठला ते तिला बरोबर कळलं.

पत्र दिव्यांच्या टेबलावर ठेवलंय, तुझ्या नावानं. फळीपलीकडून तिनं काही म्हटलं तर ऐकू येईल म्हणून एक मिनिट थांबलो. ती पुढच्या माणसाला विचारतेय, कुठलं देऊ.

उठलो. बाहेर पडतो आणि हे दार लावून घेतो.

तुझा भाऊ, अजून तुझ्यावर जळणारा,
एलमुराद